कपाटाच्या कडीचे दोरे

सोम., ६ जानेवारी. देगलूर

लातूरचं पत्र आलं. माझ्या नावानं. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

तीन दिवसांचं प्रशिक्षण, 'वाचक सेवा आणि बहुसांस्कृतिक उपक्रम'. आजवर असली पत्रं यायची आणि आमच्या ग्रंथालयाचे सचिव स्वतःच जायचे. त्यांचं खताचं दुकान आहे. वाचनाशी संबंध एवढाच की दुकानात पेपर येतो. जायचे, जेवायचे, प्रमाणपत्र आणि कापडी बॅग घेऊन यायचे. त्यातल्या दोन बॅगा दुकानात बियाण्याची पाकिटं भरून टांगलेल्या आहेत, मी रोज येताजाता बघते. यंदा पत्रात ठळक अक्षरात लिहिलंय, फक्त कार्यरत ग्रंथपालांनीच उपस्थित राहावे. वर कुणीतरी शहाणं बसलंय म्हणायचं.

सचिव (यापुढं नुसतं 'स.', पूर्ण लिहायची इच्छा नाही) म्हणाले, "जावा की मंगलताई. तीन दिवस मी बघून घेतो लायब्ररी."

इतक्या सहज? बरं.

गुरु., ९ जाने.

लातूरला प्रत्येकानं आपल्या उपक्रमावर दहा मिनिटं बोलायचंय. मी गुरुवारच्या बायकांवर बोलणार. मुद्दे इथंच काढून ठेवते, नाहीतर तिथं रागाच्या भरात भलतंच बोलेन.

मुद्दा एक. उर्दू कपाट. एका निवृत्त मास्तरांच्या घरच्यांनी दिलेली पुस्तकं, खालच्या कप्प्यात थोडी तेलुगू. माझ्या आधीच्या ग्रंथपालांना उर्दू येत नव्हतं, म्हणून दाखल रजिस्टरात त्यांनी नोंदी करून ठेवल्यात: 'उर्दू पुस्तक, हिरवे'. 'उर्दू पुस्तक, जाड'. 'उर्दू पुस्तक, फाटके'. पानंच्या पानं अशी. सहा वर्षांपूर्वी शहाना आपा जिन्यात उभी राहून विचारत होती, "बाई, औरतां अंदर आ सकते क्या?" ब्लाउज शिवते, सातवीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेली. तिनं नावं वाचली, मी देवनागरीत लिहिली, पुठ्ठ्यांवर दोन्ही बाजूंना चिकटवली. पाच महिने लागले. त्यात मलाही अक्षरं आली. अजून अडखळते आणि आपा तोंडाला पदर लावून हसते.

मुद्दा दोन. आता नऊ जणी येतात. दर गुरुवारी दुपारी, ग्रंथालय बंद असतं तेव्हा मी कुलूप काढते. आपा मोठ्यानं वाचते. लक्ष्मीबाईला उर्दू वाचता येत नाही, तिचं घर तेलुगू, पण ऐकायला तीच सगळ्यांच्या आधी हजर.

मुद्दा तीन, दोरे. हे तिथं कसं सांगायचं? पुस्तक घरी न्यायचं तर सभासद व्हावं लागतं, आधारची झेरॉक्स द्यावी लागते, देवघेव रजिस्टरात नाव चढतं. पहिल्याच दिवशी आपा म्हणाली होती, "नाम का काम नक्को बाई. कागज पे नाम एक बार चढ्या तो उतरता नै." मी पुढं विचारलं नाही. विचारायचं काय, पेपर मीही वाचते. मग आपानंच तोड काढली. प्रत्येकीचा एक रंग. पुस्तक नेलं की आपल्या रंगाचा दोरा कपाटाच्या कडीला बांधायचा. आणून दिलं की सोडायचा. आपाचा हिरवा. लक्ष्मीबाईचा हळदी, तेलुगू पुस्तक नेऊन ती घरी कुणाकडून तरी वाचून घेते. सहा वर्षांत एक पुस्तक गेलं नाही. झेरॉक्स देऊन सही ठोकणाऱ्या सभासदांनी किती गिळली, ते मला विचारा.

सध्या तीन बहिणींची कादंबरी चालू आहे. थोरली शिवणकाम करून दोघींना शिकवते. धाकटी चिठ्ठी ठेवून निघून गेलीय. आज थोरलीनं चिठ्ठी हातात घेतली आणि साडेतीन वाजले. बायका उठायला तयार नव्हत्या. शेवटची तीसेक पानं उरलीत. रमजान लागायच्या आत संपवायची असं ठरलंय. त्या पुस्तकात खूण म्हणून नऊ रंगांच्या दोऱ्यांची वेणी आहे.

दहा मिनिटं पुरणार नाहीत.

बुध., १५ जाने.

अनुदानासाठीच्या सरकारी तपासणीचा नवा फॉर्म आलाय. त्यात एक रकाना जास्तीचा: 'बहुसांस्कृतिक उपक्रम (छायाचित्रांसह)'.

स. फॉर्म घेऊन माझ्या टेबलाशी. "हे बहुसांस्कृतिक म्हंजी काय असतंय हो नेमकं?"

"आपल्या गुरुवारच्या बायका."

"त्याचा फोटो हाय का?"

"नाही."

"रजिस्टर?"

"नाही."

"मंग काय दाखवू सायबाला, दोरे? कपाटाला मन्नतीचे दोरे बांधून राहिल्या त्या. दर्गा करून टाकला लायब्ररीचा."

मी हसले. हसायला नको होतं, समजावून सांगायला हवं होतं. पण दोरे कशाचे हे सांगितलं असतं तर विनानोंद पुस्तकं देते हेही सांगावं लागलं असतं. म्हणून गप्प बसले. मन्नत तर मन्नत.

मंगळ., २१ जाने. लातूर

उदगीरमार्गे आले. बसच्या पत्र्याचा आणि खिडक्यांचा खडखडाट अजून कानात.

सकाळी गोल उभं करून एकमेकांकडे चेंडू फेकत नावं सांगायला लावली. पन्नाशीचे ग्रंथपाल, कुणाला बीपी, कुणाला गुडघे, आणि चेंडू झेलताहेत. पुण्याहून आलेल्या प्रशिक्षक मॅडम टाळ्या वाजवताहेत. मग रंगीत चिठ्ठ्या. 'तुमच्या गावातली विविधता एका शब्दात लिहा.' मी लिहिलं, 'बाजार'. शेजारच्या औशाच्या सरांनी लिहिलं, 'एकता'. त्यांना चॉकलेट मिळालं.

दुपारी माझी दहा मिनिटं. ती बरी झाली. दोऱ्यांचं सांगितल्यावर मागं चहाचे कप मांडणारा माणूससुद्धा थांबला. मॅडम म्हणाल्या, "सुंदर! फार सुंदर! पण याचं डॉक्युमेंटेशन?"

"दोरे आहेत ना."

"मंगलताई, नोंद नाही म्हणजे उपक्रम झालाच नाही, असंच धरलं जातं."

तळपायाची आग मस्तकात गेली. सहा वर्षं झालाच नाही? मग त्या बायका दर गुरुवारी कुठं येत होत्या? चिठ्ठीवर विविधता लिहिली की झाली आणि रजिस्टरात नाही म्हणून आपा नाही! हे सगळं मनात. तोंडानं म्हणाले, "हो, बघते."

चहाच्या वेळी मॅडमनी वेगळं बोलावलं. हैदराबादला बारा दिवसांचा अभ्यासक्रम आहे, बहुभाषिक वाचकांसाठी काम करणाऱ्या ग्रंथपालांचा. देशभरातून थोडे घेतात. "तुम्ही अर्ज कराच." सचिवांची सही हवी आणि वाचकांच्या नोंदी हव्यात.

मला जायचंय. इथं लिहून ठेवते, कारण बोलून दाखवलं तर घरचेसुद्धा विचारतील की या वयात कशाला. मला फार जायचंय.

बुध., २२ जाने. लातूर

हे आत्ताच लिहून टाकते, जसं झालं तसं.

दुपारच्या सत्रात फोन वाजला. संस्थेच्या ग्रुपवर फोटो. बॅनर: 'बहुसांस्कृतिक ग्रंथभेट'. खाली स., गळ्यात हार. जागा, किनवटकडची आश्रमशाळा. मुली रांगेत उभ्या, प्रत्येकीच्या हातात एक पुस्तक. फोटो मोठा करून बघितला. पुठ्ठ्यांवर माझं अक्षर. माझी देवनागरी. उर्दू कपाटच रिकामं करून नेलंय.

गोंड, कोलाम, बंजारा मुली. त्यांना उर्दू कशाला? त्यांनी पुस्तकं डावीकडून उघडायच्या आपल्या सवयीनं धरलीत, म्हणजे मागची बाजू पुढं. दुसऱ्या रांगेतल्या मुलीच्या हातातल्या पुस्तकातून वेणी लोंबतेय. नऊ रंगांची.

शेजारच्या औशाच्या सरांनी फोटो बघितला आणि मॅडमना दाखवला. मॅडम माइकवर म्हणाल्या, "बघा! आपण इथं शिकतोय आणि देगलूरकरांनी तिकडं करूनही दाखवलं!"

टाळ्या. सगळा हॉल. माझ्याकडे बघून.

बाहेर येऊन स.ना फोन लावला. "मीटिंगात हाव, नंतर बोलतो."

गुरु., २३ जाने.

प्रमाणपत्र घेतलं. बॅग तिथंच खुर्चीवर ठेवून आले.

आज देगलूरला बायका येऊन कुलूप बघून गेल्या असतील.

शुक्र., २४ जाने. देगलूर

कपाटात आता स.ची सन्मानचिन्हं आहेत. काचेची, पितळेची, एक गणपती. वरच्या कप्प्यात घडी घातलेल्या शाली. कडी मोकळी.

माणिकमामा, आमचे शिपाई, माझ्याकडे बघेनात. शेवटी खिशातून कागदाची पुडी काढली. "पोती भरायला लावली मला, मॅडम. काय करू, साहेब उभेच होते. दोरे कात्रीनं कापले त्यांनी, म्हणले फेक कचऱ्यात. मन्नतीचे म्हणल्यावर कचऱ्यात कसं टाकावं? म्हणून ठिवले."

पुडीत सहा दोरे. म्हणजे सहा पुस्तकं त्या दिवशी बायकांच्या घरी होती. तेवढीच वाचली. तो मूर्ख माणूस आमचं रजिस्टर कात्रीनं कापत होता आणि त्याला पत्ता नव्हता. आणि मामा ज्याला मन्नत समजले तेच तेवढं राहिलं. मला हसू आलं आणि मग तिथंच स्टुलावर बसून रडले.

शनि., २५ जाने.

स.शी समोरासमोर.

त्यांनी ठराव पुढं सरकवला. कार्यकारिणीचा, रीतसर, सह्यांसकट. 'सदर उर्दू व तेलुगू पुस्तकांची मागील सहा वर्षांत एकदाही देवघेव झाल्याची नोंद नसल्याने ती निरुपयोगी ठरवून बाद करण्यात येत आहेत व आदिवासी विद्यार्थ्यांना भेट देण्यात येत आहेत.'

"तुमचंच रजिस्टर हाय, मंगलताई. तुमचीच सही हाय पानापानाला. एक तरी नाव दाखवा. दाखवा की."

एकही नाही. सहा वर्षांची माझी सुबक, तारीखवार, निळ्या शाईतली नोंदवही आणि त्यात त्या कपाटाला कुणी हात लावलेला नाही.

मी ओरडले. काय ओरडले ते नीट आठवत नाही. "उर्दू वाचता न येणाऱ्या पोरींच्या हातात देऊन फोटो काढला तुम्ही", "सहा वर्षं नोंद न करता देत आलेय मी ती पुस्तकं" असं काहीतरी. ते शांत. "लई मनावर घेऊ नका. पुस्तकं पोरांच्याच कामाला गेली ना?"

माझा राग त्यांच्यावर आहे. पण घरी येताना लक्षात आलं की कपाट त्यांनी माझ्याच हातानं रिकामं केलं. मी बायकांना लपवलं आणि लपवलेलं माणूस नसल्यातच जमा होतं. पुण्याच्या मॅडम बरोबर होत्या. ह्याचा तर आणखी राग.

गुरु., ३० जाने.

बायका आल्या. सांगितलं.

लक्ष्मीबाई म्हणाली, "आनि ती चिट्टी?" कादंबरीतली चिठ्ठी. चिठ्ठी किनवटला.

आपा कपाटातल्या गणपतीकडे बघत होती. "हमारी किताबां निकालको ये रख्या? बच्चियों को उर्दू आती क्या वां?"

"नाही."

"फिर कायकू दिया?"

फोटोसाठी, असं म्हणायला माझी जीभ वळेना. मी म्हणाले, आणते परत.

सोम., ३ फेब्रु. किनवट

पहाटेची बस, मग नांदेडहून आदिलाबादकडची गाडी. भोकर, हिमायतनगर, मग सागाचं रान सुरू. रजा टाकलीय, कारण लिहिलंय 'घरगुती'.

आश्रमशाळेचे अधीक्षक राठोड सर. भला माणूस, पाणी दिलं, चहा दिला. पुस्तकं लोखंडी रॅकवर व्यवस्थित लावलेली. त्यांनी साठा रजिस्टर उघडून दाखवलं. 'उर्दू पुस्तक, हिरवे'. 'उर्दू पुस्तक, लाल'. 'उर्दू पुस्तक, जाड'.

मी पाच महिने घालून पुसलेलं सगळं परत तसंच. पुठ्ठ्यावर देवनागरीत नाव आहे हो! ते तरी लिहायचं! सर ओशाळले. "पोती आली त्याच दिवशी नोंद करा म्हणले. गडबडीत झालं."

वेणीचं पुस्तक सापडलं. हातात घेतलं. पिशवीत टाकून निघून जावं असं मनात आलं, खोटं कशाला लिहू.

"मॅडम, एकबी देता येत न्हाई. साठ्यावर चढलंय. तुमच्या संस्थेचं पत्र आणा, चुकून आली म्हणून. आन ज्यांना पाहिजे त्या वाचकांच्या सह्या. मलाबी वर उत्तर द्यावं लागतं."

पुस्तक परत रॅकवर ठेवलं. तीस पानं होती. फोनवर फोटो काढून न्यावेत हे सुचलंच नाही. ते सुचलं परतीच्या गाडीत, हिमायतनगर गेल्यावर. कपाळावर हात मारून घेतला.

अजून एक. निघताना आठवीतली एक मुलगी मागं मागं आली. जंगूबाई नाव. "मॅडम, तुम्ही पुस्तकाच्या मॅडम हाव ना? गोंडीतलं हाय का एखादं?"

"नाही गं."

"कोलामीत? हिला पाहिजे." मागं अजून एक उभी होती.

नाही म्हणाले. ती "बरं" म्हणून गेली. एवढ्या रागात तिथं गेले होते, पण या मुलींना काय हवंय हे मीही विचारलं नव्हतं. तिला पत्ता लिहून दिलाय, गोंडीतलं मिळालं तर पाठवते म्हणून. विसरायचं नाही. विसरले तर माझ्यात आणि स.मध्ये फरक एवढाच की मी हार घातला नाही.

गुरु., ६ फेब्रु.

बायकांना म्हणाले, सह्या लागतील.

एकीनं मुलाला घ्यायला जायचंय म्हणून चप्पल घातली. दुसरी तिच्यामागं. आपा म्हणाली, "बाई, मैं पैलेच बोली थी."

"आपा, नावाशिवाय नाही मिळणार."

"तो रैनेदे."

"राहू दे? तीस पानं राहू दे? सहा वर्षं राहू दे?" मी तिच्यावर आवाज चढवला. आपावर. ती उठली, दोरे ठेवलेली पुडी माझ्या टेबलावरून घेतली, आपला हिरवा काढून घेतला आणि गेली.

मी कशी ओरडले तिच्यावर? मला नाव लिहायची भीती कधी वाटलेली नाही. माझं नाव विचारून कधी कुणी माझ्याकडे वेगळं बघितलं नाही. मला काय माहीत.

सोम., १० फेब्रु.

स.नी बोलावलं. दार लोटून घेतलं. चहा मागवला, म्हणजे काहीतरी आहे.

"हैदराबादचा फॉर्म आलाय तुमचा. करतो की सही. आपल्या लायब्ररीचं नाव होतंय." पेनाचं टोपण काढून बसले. "फक्त उपक्रम म्हणून किनवटची ग्रंथभेट लिवा. फोटो हायेत, बॅनर हाय, सगळं रीतसर हाय. तपासणीलाबी तेच, हैदराबादलाबी तेच. दोघांचं काम होतंय."

"आणि कपाट?"

"कपाटाचं सोडा. ताई, मी तुमच्या भल्याचं सांगून राहिलो. तुम्ही सहा वर्षं बिगरनोंद पुस्तकं दिली, हे लेखी आलं तर मला कारवाई करावी लागंल. मग हैदराबाद ऱ्हायलं बाजूला, इथली खुर्ची ऱ्हाती का बघा."

विचार करते म्हणाले. खरंच केला. दोन दिवसांची गोष्ट नाही ही, अकरा वर्षं वाट बघितलीय. एक फॉर्म, एक फोटो, आणि आपा तशीही रागावून गेलेलीच आहे.

हे वाक्य लिहिलं आणि माझंच मला किळसवाणं वाटलं. खोडत नाही. राहू दे.

गुरु., १३ फेब्रु.

कुणी आलं नाही. दोन ते साडेतीन कुलूप काढून बसले. माणिकमामांनी विचारलं, "आज बाया न्हाईत?" मी त्यांच्यावरही खेकसले. मग माफी मागितली.

सोम., १७ फेब्रु.

पत्र लिहिलं. संस्थेच्या अध्यक्षांना, प्रत तपासणी कार्यालयाला, प्रत राठोड सरांना. चार वेळा फाडलं. राग काढून टाकला की पत्र भिकाऱ्यासारखं दिसतं आणि ठेवला की भांडखोर. शेवटी साधं लिहिलं.

'उर्दू व तेलुगू कपाटातील पुस्तके मागील सहा वर्षे नियमित वाचली गेली आहेत. त्यांची देवघेव नोंदवहीत न करता मी ती वाचकांना देत आले. ही चूक माझी आहे, वाचकांची नाही. त्या चुकीमुळे पुस्तके निरुपयोगी ठरली. ती परत मागवावीत. माझ्यावर जी कारवाई व्हायची ती व्हावी.'

खाली पूर्ण नाव, पद, सही. घरी हे म्हणाले, "एवढं सगळं कबूल करायची गरज होती का?" होती. नाहीतर त्या नऊ जणी कधी नव्हत्याच, असं कायमचं ठरतंय.

हैदराबादचा फॉर्म टेबलाच्या खणात. सहीची जागा कोरी.

बुध., १९ फेब्रु.

पत्र दिलं. पोचपावतीवर शिक्का घेतला. स.नी वाचलं, एकदा माझ्याकडे बघितलं, परत वाचलं. "रविवारच्या बैठकीत ठेवतो," एवढंच. 'ताई' म्हणाले नाहीत.

दुपारी आपाच्या घरी गेले. तिनं मशीन थांबवलं नाही. मी दारातच उभी राहून पत्र वाचून दाखवलं, एकेक ओळ सांगत. सह्या मागितल्या नाहीत. त्या दिवशी ओरडले त्याबद्दल माफी मागितली. मशीन थांबलं.

गुरु., २० फेब्रु.

दोन वाजता कुलूप काढलं. सव्वादोन. अडीच.

आपा आली. मागं लक्ष्मीबाई. बाकी सात जणी नाही आल्या. त्यांना बोल लावायचा नाही, हे मी स्वतःला सकाळपासून बजावतेय.

आपानं पिशवीतून सहा पुस्तकं काढून टेबलावर ठेवली. घरोघरी जाऊन गोळा केलेली, वाचलेली ती सहा. मग म्हणाली, "रजिस्टर निकालो."

"आपा, माझ्यासाठी करू नका. माझं काय व्हायचं ते होईल."

"तुम्हारे वास्ते कौन कर्रा? तुम्हारा नाम चढ गया, अब मेरा नै चढ्या तो मैं क्या हुई? मेरेकू वो चिट्टी पढनी है."

देवघेव रजिस्टर तिच्यापुढं उघडून ठेवलं. वाचकाचे नाव, या रकान्यात तिनं उजवीकडून सुरुवात केली. शहाना बेगम. उर्दूत. त्या रजिस्टरात असं अक्षर पहिल्यांदा. शिवणाऱ्या बाईचा हात, एक रेघ वाकडी नाही. लक्ष्मीबाईला सही येत नाही. तिनं अंगठा दिला, मग अंगठा साडीला पुसत म्हणाली, "माझं नाव तेलुगूत लिवा बाई." मला येत नाही. आपालाही येत नाही. मराठीत लिहिलं, खाली जागा सोडलीय.

"कोणतं पुस्तक लिहू?" मी विचारलं.

"वोच. तीन भैनां का."

ते पुस्तक इथं नाही. किनवटच्या साठ्यावर आहे, 'उर्दू पुस्तक, जाड' म्हणून. जे ग्रंथालयात नाही ते दिल्याची नोंद करायची म्हणजे आता खोटी नोंद, आणि तीही चूक कबूल करणारं पत्र दिल्याच्या दुसऱ्याच दिवशी. रविवारी बैठकीत हेच पान स. उघडून दाखवतील.

लिहिलं. पूर्ण नाव, देवनागरीत, निळ्या शाईत. दिल्याची तारीख, २० फेब्रुवारी.

आपानं ब्लाउजमधून हिरवा दोरा काढला आणि गणपतीच्या कपाटाच्या कडीला बांधला. गाठ दोनदा मारली. रमजानला अजून दहा-अकरा दिवस आहेत. परतीच्या तारखेचा रकाना मी कोरा ठेवलाय.